लपवलेल्या गोळ्या

माझ्या भाचीचं लग्न मी जमवलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे आणि स्वतःला त्यातून अलगद सोडवून घेतलं असं कुणाला वाटायला नको.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी म्हैसूरला आले त्याला वीस वर्षं होत आली. आम्ही सरस्वतीपुरमला राहतो. तिथल्याच एका शाळेत मी नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवते. भाची म्हणजे मिरजेच्या माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि म्हैसूरच्याच हूटगळ्ळी भागातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. ती आमच्याकडेच राहायला आली. दोन वर्षं होती. सकाळी सातला कंपनीची बस, संध्याकाळी घरी येऊन माझ्याबरोबर भाजी निवडत दिवसभराच्या गप्पा. मला मुलगी नाही. त्या दोन वर्षांत ती भाचीपेक्षा जास्त झाली होती.

मुलगा तीन पिढ्या म्हैसुरात असलेल्या मराठी घरातला. त्याची आई मला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटायची. त्यांची मराठी अर्धी कानडी. मला त्या टीचरच म्हणायच्या. एका आरतीनंतर माझा हात धरून म्हणाल्या, "टीचर, तुमची भाची बरी दिसते की. आमचा थोरला बंगळूरची नोकरी सोडून इथेच आलाय आता. बघूया का?" मुलगा मी पाहिलेला होता. शांत, चष्मा लावणारा, मंडपात खुर्च्या उचलायला न सांगता पुढे येणारा. मला आवडला. भाचीलाही आवडला. दोघं चारपाच वेळा भेटले, कारंजीच्या तळ्यावर फिरून आले.

ठरत आलं तेव्हा भाची स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी राहून म्हणाली, "मावशी, आम्ही दोघांनी रक्त तपासून घ्यावं का गं लग्नाआधी? ऑफिसातल्या एकीने घेतलं. एचआयव्ही, कावीळ, थॅलेसीमिया, सगळंच."

मी काय म्हणावं? जीवशास्त्र शिकवणारी मी. मी म्हटलं, "अगं, इतकी चांगली माणसं. असलं विचारलं तर त्यांना काय वाटेल? मोडायचंय का तुला?"

तिने तो विषय सोडला आणि ओट्यावरचे कप विसळले. पत्रिका मात्र आम्ही दोन ठिकाणी दाखवली. रक्तगटसुद्धा विचारला. तेवढं विचारायची लाज वाटली नाही.

लग्न झालं. आठ महिन्यांनी तिला दिवस गेले. तिसरा महिना लागल्यावर घराजवळच्या एका खाजगी दवाखान्यात नाव घातलं, नेहमीच्या तपासण्या झाल्या. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. "मावशी, तू ये," एवढंच म्हणाली. मी दोन तास बदलून घेतले आणि स्कूटर काढली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, खुर्च्यांच्या रांगेत, ती मांडीवर फाइल घेऊन बसली होती. फाइलवर लाल शाईने मोठी खूण केलेली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि समोर चार बायका उभ्या होत्या. तिथल्या नर्सने ते नाव सगळ्यांसमोर उच्चारलं होतं. "मॅडम, तुमची एचआयव्ही आलीय, नवऱ्याला बोलवा," असं, जसं कुणी साखर वाढलीय म्हणून सांगावं. तेही मी समजू शकले असते, जर पुढे तिथल्या लोकांनी ते साखरेसारखंच मानलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. भाचीला नाही, मला. म्हणाल्या, "आमच्याकडे अशा केसेस होत नाहीत. ऑपरेशन थिएटर एकच आहे. बाकी पेशंट असतात."

"अशा म्हणजे कशा?"

"तुम्ही शिकलेल्या आहात. समजून घ्या."

"मी शिकलेली आहे म्हणूनच विचारते. थिएटरात प्रत्येक बाईचं रक्त हाताला लागतं. तुम्ही प्रत्येक वेळी हत्यारं उकळत नाही का? हातमोजे घालत नाही का? का ज्यांची तपासणी नीट येते त्यांच्यासाठी वेगळे नियम आहेत?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. नाही म्हणता येत नाही असा कायदा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत असणारच. मी फाइल घेतली, भाचीला उठवलं आणि बाहेर आले. स्कूटरवर ती मागे बसली, माझ्या कमरेला तिने हात घातला नाही. मागची दांडी धरून बसली. मी गाडी थांबवली, तिचे दोन्ही हात ओढून माझ्या पोटावर घेतले आणि मग चालवली. ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिचा नवरा आला होता. आदल्या दिवसापासून तो एक शब्द बोलला नव्हता. तपासणी केंद्राची खोली लहान. तिथली समुपदेशक पन्नाशीची, जाड सुती साडी, गळ्यात ओळखपत्र. कानडीत बोलत होती. तिने पहिलं काम केलं ते दार लावून घेतलं. मग भाचीला विचारलं, "मावशींनी इथे थांबलेलं चालेल का?" कालच्या दवाखान्यात हे कुणाला सुचलं नव्हतं.

ती म्हणाली, पुन्हा रक्त घेऊ, दोघांचंही घेऊ. तेवढ्यात नवरा म्हणाला, "माझं घ्यायला नको."

समुपदेशकाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मला माहीत आहे. चार वर्षांपासून."

भाचीने त्याच्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही, कारण मी उठून त्याला मारलं असतं.

मग तो तुकड्या-तुकड्यांत बोलला. बंगळूरला असताना आजारी पडला, तेव्हा कळलं. तिथल्या सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या. रोज एक गोळी. सहा महिन्यांत तब्येत सुधारली, वर्षभरात रक्ताचा अहवाल आला की विषाणू सापडत नाही इतका कमी झालाय. म्हैसूरला परत आल्यावरही तो दोन-तीन महिन्यांनी बंगळूरला जाऊन गोळ्यांच्या बाटल्या आणायचा. घरात फक्त आईला माहीत होतं. लग्न ठरल्यावर आई म्हणाली, बाटली कपाटात नको, नवी सून घर आवरते, सापडेल. त्याने ती ऑफिसच्या खणात ठेवली. मग ऑफिसात जागा बदलली, खणाला कुलूप नव्हतं. एक दिवस चुकली, मग चार दिवस, मग बंगळूरची फेरी चुकली. लग्नाला दीड महिना झाला तेव्हा गोळ्या पूर्ण बंद होत्या.

समुपदेशकाने खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग हळू म्हणाली, "तुम्हाला तिथे सांगितलं होतं ना? गोळी रोज घेतली आणि विषाणू दबलेला राहिला, तर बायकोला शरीरसंबंधातून लागण होत नाही."

"सांगितलं होतं."

"कंडोम?"

"तिने विचारलं असतं, का म्हणून."

गोळी नीट घेणाऱ्याकडून लागण होत नाही, हे मला माहीतच नव्हतं! आमच्या पुस्तकात नाही. मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले की हा रोग असा पसरतो, असा पसरत नाही, त्यावर लस नाही, पूर्ण बरा होत नाही. संपला धडा. म्हणजे ज्याला झालाय तो संपला, असाच अर्थ मुलं घेत असणार. मीही तोच घेतला होता. एक गोळी, फुकट मिळणारी, रोज घेतली असती तर माझी भाची आज त्या खुर्चीत नसती. विषाणूने तिला गाठलं नव्हतं. एका कपाटाच्या भीतीने गाठलं होतं.

त्याच संध्याकाळी मी एकटी त्यांच्या घरी गेले. सासूबाई ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्या वेचत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला, म्हणजे त्यांना कळलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"टीचर, आत या. शेजारी ऐकतात."

"तुम्हाला माहीत होतं."

"मला वाटलं बरं झालंय त्याचं. रिपोर्टात काही नाही म्हणाला होता ना तो. मग सुम्ने, उगाच, कशाला सगळ्यांना सांगायचं? मर्यादे जाते की घराची. धाकट्याचं लग्न राहिलंय अजून."

"बरं झालेलं नव्हतं. गोळीमुळे दबलेलं होतं. आणि गोळीची बाटली तुम्ही घरातून बाहेर काढायला लावलीत."

"मी बंद कर म्हटलं नाही. लपव म्हटलं, अष्टे."

अष्टे. एवढंच. मी त्यांच्यापुढे उभी राहून किती ओरडले ते मला नीट आठवत नाही. त्यांचे यजमान आतून आले, त्यांना काही माहीत नव्हतं, ते नुसते "काय झालं, काय झालं" करत राहिले. मी सांगितलं नाही. ते सांगणं माझं नव्हतं, एवढं भान कसं राहिलं कोण जाणे.

मग जे झालं त्याची मला आजही चीड येते. पंधरा दिवसांत नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, आणि ती अशी की मुलगी लग्नाआधी दोन वर्षं परक्या गावात एकटी नोकरी करत होती, कंपनीच्या बसने यायची-जायची, कुणाला काय माहीत. एकटी! माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत झोपणारी मुलगी. ही कुजबुज कुठून निघाली हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण ज्या एका घरात ही गोष्ट माहीत होती तिथूनच ती निघू शकत होती. आणि ज्यांच्या कानावर खरी गोष्ट गेली तेही एकच विचारायचे, "पण त्याला कसा झाला?" सुई का, बाई का, पुरुष का? जणू ते कळलं की हिशेब लागणार होता. भाचीने त्याला हा प्रश्न कधी विचारला असेल तर मला ठाऊक नाही. मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रोग कसाही झालेला असो, पुढे जायला त्याला वाट आपण दिली.

भाची त्या घरी परत गेली नाही. मिरजेहून माझी बहीण आली, हूटगळ्ळीत कारखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या आणि मायलेकी तिथे राहू लागल्या. नोकरी भाचीने सोडली नाही. तपासणी झाल्याच्या आठवड्यातच तिच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी सहाला मोबाइल वाजायचा, ती भिंतीवरच्या उघड्या फळीवरून बाटली घ्यायची आणि सगळ्यांसमोर गोळी गिळायची. माझी बहीण पहिल्यांदा म्हणाली, "अगं, कुणी येतं-जातं, आत ठेव." भाची म्हणाली, "आई, आत ठेवल्यानेच मी इथे आहे." त्यानंतर बहिणीने ती फळी पुसली, पण बाटली हलवली नाही.

समुपदेशकाने आम्हाला समजावलं होतं की आईने गोळ्या नीट घेतल्या, विषाणू दबला, तर बाळाला लागण व्हायची शक्यता अगदी थोडी उरते. ती हे अनेक बायकांना सांगायची. तिच्या खोलीत एक बाई मदतीला असायची, जी स्वतः पूर्वी शहरात धंदा करत होती आणि आता आपल्यासारख्या बायकांच्या संघटनेत काम करत होती. ती कंडोमची पाकिटं पिशवीत घालून गल्ल्या हिंडायची, नवीन मुलींना तपासणीला घेऊन यायची, कुणाच्या गोळ्या चुकल्या तर घरी जाऊन दारात उभी राहायची. एकदा रांगेत बसल्या-बसल्या ती मला म्हणाली, "मॅडम, आमच्या बायकांत आता नवीन लागण फारशी होत नाही. आम्ही बोलतो ना. तुमच्या घरांत कुणी बोलत नाही." मी मान खाली घातली. ज्यांच्यामुळे रोग पसरतो असं आम्ही मानत आलो, त्यांनी तो अडवायचं काम केलं होतं, आणि आम्ही इभ्रत सांभाळत बसलो होतो.

त्या वर्षी दहावीच्या वर्गात मी तो धडा वेगळा शिकवला. पूर्वी पुनरुत्पादनाच्या पाठातला हा भाग चार वाक्यांत उरकून बाकीचं "घरी वाचा" म्हणून सोडायची आमच्या शाळेत पद्धत होती. मी दोन तास घेतले. रक्त, शरीरसंबंध, आईकडून बाळाला, आणि एकाची सुई दुसऱ्याने वापरली तर. मिठी मारून, एका ताटात जेवून, डास चावून नाही. कंडोम हा शब्द फळ्यावर लिहिला. लागण झालेल्याने रोज गोळी घेतली तर काय होतं ते सांगितलं. मागच्या बाकावरची दोन मुलं हसली, मी त्यांना हसू दिलं. एका मुलीने विचारलं, "मिस, मग त्यांनी लग्न केलं तर चालतं?" मी म्हटलं, "चालतं. सांगून."

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. दोन पालकांची तक्रार होती, वर्गात घाणेरडं शिकवतात. "आपण कशाला या भानगडीत पडायचं?" ते म्हणाले. मी विचारलं, "सर, तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय ना? तपासणी केलीत दोघांची?" ते इतके रागावले की त्यांनी पाण्याचा ग्लास उचलून पुन्हा तसाच खाली ठेवला. मला लेखी समज मिळाली. ती मी फाइलला लावली आणि पुढच्या वर्षी पुन्हा दोन तास घेतले.

भाचीचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. ज्या थिएटरची खाजगी डॉक्टरीणबाईंना एवढी काळजी, तसल्याच एका साध्या खोलीत, दोन नर्स आणि एक तरुण डॉक्टर, हातमोजे, ॲप्रन, चेहऱ्यावर काचेचा पडदा, आणि झालं. मुलगी झाली. नर्सने बाळ पुसून भाचीच्या छातीवर ठेवलं. मी बाहेर होते, मला बाळाच्या रडण्याचा तेवढा आवाज ऐकू आला.

बाळाला सहा आठवडे रोज थेंबांचं औषध. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. माझी बहीण मधाचं बोट चाटवायला निघाली होती, भाचीने तिचा हात धरला. दीड महिन्यांनी पहिली तपासणी, मग सहा महिन्यांनी, मग दूध तोडल्यावर, आणि शेवटची अठराव्या महिन्यात. प्रत्येक वेळी चिमुकल्या टाचेतून नाहीतर हातातून रक्त घेताना ती किंचाळायची आणि भाची दाताने ओठ चावायची. प्रत्येक वेळी अहवाल चांगला आला. शेवटचा आला तेव्हा समुपदेशक स्वतः उठून आली, बाळाचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, "हिची फाइल बंद." बहीण रडली. मला आनंद झालाच, पण त्याच्याखाली राग होता. इतकं सोपं होतं सगळं. थोडी औषधं आणि खरं बोलणं. पोटातल्या पोरीला वाचवता आलं, तर तिच्या आईला का नाही?

नवऱ्याने गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या. भाचीने त्याला एकच अट घातली होती: वडिलांना आणि धाकट्या भावाला तू स्वतः सांग, आणि माझ्याबद्दल जे बोललं जातंय ते तुझ्या तोंडाने खोडून काढ. त्याला पाच महिने लागले. पण त्याने सांगितलं. भर जेवणाच्या वेळी, आत्या-काका आलेले असताना. सासूबाई ताटावरून उठून गेल्या म्हणे. कुजबुज थांबली, निदान आमच्यापर्यंत येईनाशी झाली. तो रविवारी हूटगळ्ळीला येऊ लागला, मुलीला खेळवायचा. पुढे कधीतरी तो तिथेच राहू लागला. मला ते भाचीकडून नाही, बहिणीकडून कळलं. मी फोन करून भाचीला नाही नाही ते बोलले. ती शांतपणे ऐकून घेत म्हणाली, "मावशी, तुझा राग खरा आहे. पण मला त्याच्याशी जन्मभर भांडायचं की जगायचं, ते मला ठरवू दे. लग्न तू ठरवलंस. हे मी ठरवते."

गेल्या महिन्यात तो मुलीला घेऊन आमच्या घरी आला. एकटाच. तीन वर्षांत मी त्याच्याशी कामापुरतंही बोलले नव्हते. मुलगी आत माझ्या नवऱ्याकडे गेली. तो पायरीवरच उभा होता.

"मावशी, शिव्या द्या. पण बोला."

मी त्याला आत घेतलं. पाणी दिलं. विचारलं, "गोळ्या?"

"रोज. दोघांच्याही रिपोर्टमध्ये विषाणू सापडत नाही आता."

"असाच रिपोर्ट लग्नाआधी होता ना तुझ्याकडे?"

"होता."

"मग तोच का नाही दाखवलास? एक कागद. तो दाखवून खरं सांगितलं असतंस तर हे काहीच झालं नसतं."

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "दाखवला असता तर तुम्ही लग्न लावून दिलं असतं?"

आतून मुलीच्या हसण्याचा आवाज येत होता. मला हो म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तो माझ्यावर ओझं टाकू शकला नसता. पण ज्या बाईने भाचीला साधी तपासणी करू दिली नाही, ती तो कागद बघून काय करणार होती ते मला पक्कं ठाऊक होतं. मी पाचव्या मिनिटाला फोन करून पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं असतं आणि दहाव्या मिनिटाला चार घरांत सांगितलं असतं.

"नसतं दिलं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली.

"पण म्हणून तुझं चुकलं नाही असं होत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मी तुला नकार दिला असता. तो पचवायला हवा होतास. तिला न सांगण्याचा हक्क तुला माझ्या भित्रेपणाने मिळत नाही."

"हो," तो म्हणाला. "मला ठाऊक आहे."

मी चहा ठेवला. त्याने घेतला. मी त्याला माफ केलं नाही, आणि त्यानेही माफी मागितली नाही. जाताना त्याने मुलीला माझ्या पायावर वाकायला सांगितलं, मी तिला मध्येच उचलून घेतलं.